ओढ्याच्या दोन काठांवरचं म्योडलारॉइट

जर्मनीच्या नकाशावर म्योडलारॉइट सापडत नसेल तर आधी होफ हे शहर शोधावं. होफच्या उत्तरेला साधारण पंधरा किलोमीटरवर, बव्हेरिया आणि थुरिंगिया या दोन राज्यांच्या हद्दीवर हे गाव आहे. वस्ती चाळीस-पन्नास माणसांची. काही शेतघरं, गोठे, कोठारं, एक तळं आणि मधून वाहणारा टानबाख नावाचा ओढा. ओढा एवढा अरुंद की एखादा पोरगा धावत येऊन सहज टांग टाकून पलीकडे जाईल. एवढ्याशा गावाला दोन महापौर आहेत, दोन पिनकोड आहेत आणि फोनचे कोडही दोन आहेत. याच गावाच्या मधून एकेकाळी तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत जात होती.

बर्लिनची भिंत सगळ्यांना ठाऊक असते. पण जर्मनीची फाळणी नेमकी कशी घडली हे समजून घ्यायचं तर बर्लिनपेक्षा म्योडलारॉइट जास्त कामाचं आहे, असं मला ठामपणे वाटतं. बर्लिन हा अपवाद होता. पूर्व जर्मनीच्या पोटात अडकलेलं ते शहर चार राष्ट्रांनी वाटून घेतलं होतं आणि त्यावर सगळ्या जगाची नजर होती. दोन जर्मनींमधली खरी सीमा जवळजवळ १,४०० किलोमीटर लांब होती आणि ती शेतांतून, जंगलांतून, कुणाच्या परसातून जात होती. ती कशी आखली गेली, हळूहळू कशी घट्ट होत गेली आणि शेवटी माणसांच्या अंगावर कशी आली, हे या एका गावात टप्प्याटप्प्याने पाहता येतं.

हद्द जुनीच होती

बहुतेकांचा पहिला गैरसमज असा की १९४५ साली विजेत्या राष्ट्रांनी नकाशावर पट्टी ठेवून गाव कापलं. तसं झालेलं नाही. टानबाख ही हद्द होतीच. शेकडो वर्षं ओढ्याच्या एका काठावर एका सरदाराची सत्ता आणि दुसऱ्या काठावर दुसऱ्याची, अशी व्यवस्था होती. १८१० साली बायरॉइटचा मुलूख नेपोलियनकडून बव्हेरियाच्या राजाकडे आला, आणि त्याच सुमारास ओढ्याकाठी हद्दीचे दगड रोवले गेले. दगडाच्या एका अंगाला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरं, दुसऱ्या अंगाला रॉइस संस्थानाची. त्यातले काही दगड आजही जागेवर उभे आहेत.

रॉइस हे नाव आज जर्मनीबाहेर फारसं कुणी ऐकलेलं नसतं. जर्मनीत तेव्हा अशी कितीतरी चिमुकली संस्थानं होती. रॉइस घराण्याची एक गंमत म्हणजे त्यांच्यात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव हाइनरिश ठेवत आणि ओळखायला पुढे आकडा लावत. पहिल्या महायुद्धानंतर राजे-संस्थानिक गेले, आणि १९२० साली रॉइससह आसपासची संस्थानं एकत्र होऊन थुरिंगिया राज्य झालं. ओढ्यापलीकडच्या काठाचा धनी बदलला, हद्द तीच राहिली.

गावकऱ्यांना या हद्दीचा जाच नव्हता. कर भरायचं कार्यालय वेगळं, कागदावरचा शिक्का वेगळा, एवढंच. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला होती, म्हणून बव्हेरियाच्या बाजूची मुलं ओढा ओलांडून शाळेत जात आणि मोठी माणसं बिअर प्यायला तिकडेच जात. चर्च मात्र बव्हेरियाच्या बाजूला, शेजारच्या ट्योपेन गावात. म्हणजे रविवारी प्रार्थनेला जायचं तर थुरिंगियावाल्यांनी इकडे यायचं. सोयरिकी दोन्हीकडे, शेतंही काहींची दोन्हीकडे. शंभराहून जास्त वर्षं एका गावाने दोन राज्यांत असा बिनबोभाट संसार केला. पुढचं सगळं समजायला एवढी पार्श्वभूमी डोक्यात असणं फार गरजेचं आहे.

लंडनमधला कागद

दुसरं महायुद्ध संपायच्या आधीच अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांनी हरलेल्या जर्मनीचा ताबा कसा वाटून घ्यायचा हे ठरवायला घेतलं होतं. १२ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये त्याचा मसुदा ठरला. जर्मनीचे विभाग पाडायचे आणि प्रत्येक विभागात एकेका राष्ट्राचं सैन्य ठेवायचं, असा तो बेत. विभागांच्या सीमा नव्याने आखत बसण्यापेक्षा जर्मनीतल्या राज्यांच्या नि प्रांतांच्या जुन्या हद्दीच वापरायचं ठरलं. त्यात थुरिंगिया सोव्हिएत संघाच्या वाट्याला आला आणि बव्हेरिया पुढे अमेरिकेच्या.

वाटाघाटी करणाऱ्यांनी सोय पाहिली होती. जुनी हद्द नकाशावर तयार होती, तिथल्या अधिकाऱ्यांना ती पाठ होती, भांडणाला जागा कमी होती. पण त्या एका सोयीमुळे एक निद्रिस्त महसुली हद्द दोन महासत्तांच्या मधली रेघ होऊन बसली. टानबाखचं नाव त्या टेबलाभोवती कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

त्यात आणखी एक गुंता झाला. एप्रिल १९४५ मध्ये थुरिंगियात शिरलं ते अमेरिकी सैन्य. लंडनच्या कराराप्रमाणे तो मुलूख रशियनांचा होता, म्हणून जुलैच्या सुरुवातीला अमेरिकी सैन्य तिथून मागे सरलं. रशियनांच्या ताब्यातल्या बर्लिनमध्ये पाश्चात्त्य राष्ट्रांना त्यांचे विभाग मिळायचे होते, त्याचीही या माघारीशी सांगड होती. थुरिंगियातल्या माणसांनी काही आठवड्यांत दोन सैन्यं पाहिली.

ही रेघ तेव्हा दगडावरची नव्हती, हेही सांगायला हवं. म्योडलारॉइटच्या बरंच पश्चिमेला, हेसेन आणि थुरिंगियाच्या हद्दीवर, एक रेल्वेमार्ग थोड्या अंतरासाठी सोव्हिएत विभागातून जात होता. अमेरिकनांना तो त्रासदायक वाटू लागला. सप्टेंबर १९४५ मध्ये दोन्हीकडचे अधिकारी वानफ्रीड या गावी बसले आणि रेल्वेमार्ग एका विभागात यावा म्हणून काही गावांची चक्क अदलाबदल केली. त्या गावांतल्या लोकांचं पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य त्या एका बैठकीत ठरलं. म्योडलारॉइटमधून रेल्वे जात नव्हती, त्यामुळे तिथली हद्द हलवावी असं कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

पास घेऊन ओढा ओलांडणं

पहिली काही वर्षं सीमा म्हणजे नुसती तपासणी होती. पलीकडे शेत असेल, नातेवाईक असतील, तर पास काढून जाता येई. खूण म्हणून रंगवलेले खांब, अधूनमधून गस्त. मे १९४९ मध्ये पश्चिमेकडच्या तीन विभागांचं, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सच्या विभागांचं, मिळून पश्चिम जर्मनी हे राष्ट्र झालं आणि ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत विभागाचं पूर्व जर्मनी. ओढ्याच्या दोन काठांवर आता दोन देश होते. चलनही वेगळं. तरी गाव अजून चालतं-बोलतं होतं.

मग १९५२ साल उजाडलं. माझ्या मते गावाची खरी फाळणी त्याच वर्षी झाली. भिंत बरीच नंतरची.

२६ मे १९५२ रोजी पश्चिम जर्मनीने स्वतःचा बराचसा कारभार हातात घेण्याच्या करारावर अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सबरोबर सह्या केल्या. त्याच दिवशी पूर्व जर्मनीच्या सरकारने सीमेविषयी हुकूम काढला. पश्चिमेचे हेर आणि घातपाती रोखायचे आहेत, असं कारण दिलं गेलं. खरं दुखणं वेगळं होतं. पूर्वेतून माणसं पश्चिमेला निघून जात होती आणि त्यांत शिकलेली, कामाची, तरुण माणसं फार होती.

हुकुमाने तीन पट्टे आखले. सीमेला लागून दहा मीटरची पट्टी नांगरून मोकळी करायची, म्हणजे तिच्यावर पाऊल पडलं की ठसा दिसेल. त्यामागे पाचशे मीटरचा पट्टा आणि त्याच्यामागे पाच किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश. म्योडलारॉइटची थुरिंगियाकडची बाजू सगळीच्या सगळी पाचशे मीटरच्या पट्ट्यात आली. तिथे राहायला ओळखपत्रावर खास शिक्का हवा, बाहेरच्याला यायला परवाना हवा, आणि रात्री घराबाहेर पडायला बंदी.

हुकुमापाठोपाठ माणसं हलवायची मोहीम निघाली. सीमेजवळ राहायला ‘अविश्वासू’ ठरवलेल्यांच्या याद्या झाल्या. कुणाचे पश्चिमेत नातेवाईक होते, कुणी सरकारविरुद्ध बोललं होतं, कुणाची शेती जरा मोठी होती, तर कुणावर शेजाऱ्याने दात धरला होता. मे-जून १९५२ मध्ये सगळ्या सीमेवरून आठ हजारांहून जास्त लोकांना थोडक्या मुदतीत घरदार सोडायला लावून आतल्या भागात नेऊन टाकलं. थुरिंगियाच्या अधिकाऱ्यांनी या मोहिमेला दिलेलं गुप्त नाव होतं ‘कीड’. आपल्याच शेतकऱ्यांना, आपल्याच सुतारांना कागदावर कीड म्हणायला ज्यांचा हात कचरला नाही, त्यांनी पुढे काय केलं याचं मग नवल वाटत नाही. १९६१ च्या ऑक्टोबरात, बर्लिनची भिंत उभी राहिल्यानंतर, असाच दुसरा फेरा झाला आणि आणखी तीन हजारांवर माणसं उठवली गेली.

जे मागे राहिले ते गप्प राहायला शिकले. मोहिमेचा खरा परिणाम हाच होता. यादीत पुढचं नाव कुणाचं हे कुणालाच माहीत नसलं की पहारेकऱ्याचं अर्धं काम आपोआप होतं.

कुंपणापासून भिंतीपर्यंत

त्याच वर्षी गावाच्या मधून लाकडी फळ्यांचं माणसापेक्षा उंच कुंपण उभं राहिलं. पुढे काटेरी तारा आल्या. १९६६ साली साधारण सातशे मीटर लांबीची काँक्रीटची भिंत बांधली गेली. जवळच्या अमेरिकी सैनिकांनी गावाचं नाव ‘लिटल बर्लिन’ ठेवलं आणि ते रुळलं.

सीमेवर बहुतेक ठिकाणी कुंपण असताना इथे भिंत कशाला? कुंपणाच्या आरपार दिसतं, हे त्याचं उत्तर. रानात त्याचं काही बिघडत नाही, उलट पहारेकऱ्याला ते सोयीचं असतं. गावात मात्र कुंपणापलीकडे बहीण अंगणात कपडे वाळत घालताना दिसते, चुलता ट्रॅक्टर काढताना दिसतो. माणूस थांबतो, हात हलवतो. पूर्वेच्या बाजूने पश्चिमेकडे हात हलवणं, साधा रामराम करणं, यालाही मनाई होती. पळून जाणाऱ्याला अडवायचं, आणि सोबत एकमेकांचं दिसणंही बंद करायचं, अशा दोन कामांसाठी भिंत होती. म्हणून अशा भिंती वस्तीला लागून असलेल्या सीमेवरच आढळत.

भिंत ही त्या साखळीची शेवटची कडी. पूर्वेकडून निघालेल्या माणसाला तिच्यापर्यंत पोहोचायलाच किती अडथळे होते ते पाहा. पहिल्यांदा पाच किलोमीटरच्या प्रदेशाच्या तोंडावर चौकी, तिथे परवाना दाखवायचा. पुढे विजेच्या तारांचं सूचना-कुंपण, त्यातल्या तारेला धक्का लागला की पहाऱ्याच्या ठाण्यावर इशारा जायचा. मग टेहळणीचे मनोरे. मग गस्तीच्या गाड्यांसाठी भोकं पाडलेल्या काँक्रीटच्या लाद्या टाकून केलेला रस्ता, ज्याच्या दोन रांगा सीमेवर आजही कुठे कुठे गवतात दिसतात. त्याच्यापुढे नांगरून, दाताळं फिरवून सारखी केलेली मातीची पट्टी. गाडी घेऊन कुणी घुसू नये म्हणून खंदक. रात्री दिव्यांचा झगझगाट. हे सगळं पार केलं तर भिंत.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आता सांगतो. भिंत म्हणजे सीमा नव्हती. भिंत पूर्व जर्मनीच्या जमिनीत, थोडी आत बांधलेली होती. भिंतीच्या पश्चिमेलाही काही पावलं जमीन पूर्वेचीच होती, आणि खरी हद्द दाखवत होते ते १८१० चे दगड. पश्चिमेकडून भिंत बघायला आलेला माणूस बेसावधपणे पुढे गेला तर तो दुसऱ्या देशात शिरलेला असे आणि तिथले सैनिक त्याला पकडू शकत. म्हणून पश्चिमेच्या बाजूला थांबा, इथे सीमा आहे, असे फलक होते. पूर्वेचे सैनिकही खास दारांतून त्या पट्टीत उतरून गस्त घालत.

एवढ्या बंदोबस्तातून म्योडलारॉइटची भिंत ओलांडून एक माणूस गेला. मे १९७३ मध्ये सीमाभागात यायचा परवाना असलेल्या एकाने गाडी भिंतीशी लावली आणि शिडीच्या मदतीने तो पलीकडे उतरला. बाहेरच्याला ते जमलंच नसतं, कारण बाहेरचा माणूस भिंतीजवळ पोहोचूच शकत नव्हता. त्याच्याकडे परवाना होता, म्हणून त्याला संधी मिळाली. सरकार परवाने देताना इतकं चाळून का घेत होतं, हेही यावरून समजतं.

दोन काठांवरचे दिवस

पूर्वेच्या काठावर माणसं कमी होत गेली. सीमेला अगदी लागून असलेली घरं ठिकठिकाणी पाडली जात होती, कारण घर म्हणजे आडोसा आणि आडोसा म्हणजे धोका. म्योडलारॉइटची गिरणीही यातून सुटली नाही. १९६० पर्यंत पूर्व जर्मनीतल्या जवळजवळ सगळ्या शेतकऱ्यांना सामुदायिक शेती संस्थांत घालण्यात आलं होतं. बांध मोडून मोठमोठी वावरं झाली. पश्चिमेच्या काठावर घराघरांची छोटी शेतं तशीच राहिली. या भागातली शेतं वरून पाहिली तर आजही जुनी सीमा पुष्कळ ठिकाणी बांधांवरून ओळखू येते.

पूर्वेला लग्न असो की मयत, पाहुण्यांना परवाना काढावा लागे आणि तो मिळेलच याची खात्री नसे. सीमापट्ट्यात राहणाऱ्यांना सरकार पगारावर थोडी वाढ देई. ती किंमत पुरेशी होती का, हे ज्यांनी ते दिवस काढले त्यांनाच विचारावं.

पश्चिमेच्या काठावर वेगळाच प्रकार. तिथे येण्याजाण्याला बंदी नव्हती, त्यामुळे भिंत बघायला माणसं येत. सहली येत, शाळांच्या बसेस येत, सैनिकी अधिकारी येत. बव्हेरियाचे सीमा पोलीस, केंद्राचं सीमा दल, जकात खात्याची माणसं आणि अमेरिकी सैनिक, असे सगळे त्या मूठभर घरांभोवती फिरत. ५ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश इथे आले. त्यांच्याबरोबर पश्चिम जर्मनीचे संरक्षणमंत्री मानफ्रेड व्योर्नर होते. केनेडींनी वीस वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये ‘मी बर्लिनकर’ म्हटलं होतं, त्याच चालीवर बुश म्हणाले, ‘मी म्योडलारॉइटकर आहे.’ भिंतीच्या पलीकडच्या म्योडलारॉइटकरांना त्या पाहुण्याकडे हात हलवायचीसुद्धा परवानगी नव्हती.

१९७२ मध्ये दोन्ही जर्मनींनी आपसातले संबंध ठरवणारा करार केला. त्यानंतर सीमेजवळ राहणाऱ्या पश्चिम जर्मनांना ठरावीक चौक्यांवरून एका दिवसासाठी पूर्वेत जाता येऊ लागलं. कागदावर मोठी सवलत. पण पाचशे मीटरचा पट्टा त्यातून वगळलेला होता. म्हणजे बव्हेरियाकडचा म्योडलारॉइटकर लांबचा वळसा घेऊन, चौकी ओलांडून, थुरिंगियातल्या एखाद्या शहरात फिरून येऊ शकत होता. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या घरी मात्र नाही. शेजाऱ्याला भेटायचंच तर त्याने परवानगी घेऊन पट्ट्याबाहेर यायचं आणि याने सीमा ओलांडून तिथवर जायचं. दोन घरांत हाकेचं अंतर, आणि त्यासाठी एवढी यातायात.

९ डिसेंबर

१९८९ च्या शरद ऋतूत सगळं वेगाने हललं. प्रागमधल्या पश्चिम जर्मनीच्या दूतावासात आसरा घेतलेले हजारो पूर्व जर्मन १ ऑक्टोबरला रेल्वेने पश्चिमेत पोहोचले ते होफ स्टेशनवरच, म्योडलारॉइटपासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. ९ नोव्हेंबरला बर्लिनची भिंत उघडली. त्यानंतर पूर्वेचा म्योडलारॉइटकरही अधिकृत चौकीवरून पश्चिमेत जाऊ शकत होता. पण गावातली भिंत बंदच होती, कारण तिथे चौकी नव्हती, दार नव्हतं. शेजारी जायला पुन्हा तोच लांबचा वळसा.

अखेर ९ डिसेंबर १९८९ रोजी पायी जाणाऱ्यांसाठी भिंतीत वाट उघडली गेली. १९५२ पासून सदतीस वर्षांनी. लहानपणी एका शाळेत गेलेली माणसं आजी-आजोबांच्या वयात येऊन पुन्हा समोरासमोर उभी राहिली. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंतीचा मोठा भाग पाडला. तारीख मुद्दाम निवडली असावी असं वाटतं, कारण १७ जून १९५३ रोजी पूर्व जर्मनीतल्या कामगारांनी सरकारविरुद्ध उठाव केला होता आणि पश्चिमेत तो दिवस सुट्टीचा म्हणून पाळला जात असे.

गावात वाट उघडली त्याच दिवशी, ९ डिसेंबरलाच, होफमध्ये दोन्हीकडच्या निसर्ग अभ्यासकांची बैठक भरली होती. चाळीस वर्षं माणसाचा पाय न पडल्यामुळे सीमेच्या पट्ट्यात दुर्मीळ पक्षी, फुलझाडं, फुलपाखरं टिकून राहिली होती. कोबुर्गजवळ राहणाऱ्या काई फ्रोबेल या तरुणाने सत्तरच्या दशकातच पक्ष्यांच्या नोंदी करताना हे हेरलं होतं. बाकी भागांत झपाट्याने कमी होणारा एक छोटा गवताळ पक्षी सीमापट्ट्यात मात्र भरपूर दिसत होता. होफच्या बैठकीत ठराव झाला की हा पट्टा नांगरू नये, विकू नये, तसाच जपावा. त्यातून ‘हरित पट्टा’ ही योजना उभी राहिली आणि आज जुन्या सीमेचा बराचसा भाग तिच्याखाली सांभाळला जातो.

भिंतीचा शंभरेक मीटरचा तुकडा, मनोरा, कुंपणं आणि मातीची पट्टी म्योडलारॉइटमध्ये राखून ठेवली आहे. हे सहज झालेलं नाही. १९९० साली गावोगाव लोकांना हा सगळा प्रकार डोळ्यांसमोरून नाहीसा व्हायला हवा होता, आणि त्यांचं काय चुकलं? तरी दोन्ही बाजूंच्या काही जाणत्या मंडळींनी त्याच वर्षी पुढाकार घेऊन संग्रहालयाची पायाभरणी केली. त्यांनी हट्ट धरला नसता तर इथे आज एक सुंदर हिरवळ असती आणि सांगायला नुसती गोष्ट. भिंत, पट्टी, मनोरा आणि १८१० चा दगड एका नजरेत दिसतात, तेव्हा अंतर कळतं. तो प्रत्यक्ष अनुभव कुठल्याही फोटोतून येणार नाही.

दगडाची हद्द अजून आहे

जर्मनी ३ ऑक्टोबर १९९० ला एक झाली. पण म्योडलारॉइट एक झालं नाही, आणि इथे पुष्कळ वाचक चकित होतात. एकीकरणाने १९५२ ची सीमा गेली, १८१० ची तशीच राहिली. बव्हेरियाकडची घरं होफ जिल्ह्यातल्या ट्योपेन ग्रामपालिकेत आहेत, थुरिंगियाकडची घरं जाले-ओर्ला जिल्ह्यातल्या गेफेल या छोट्या नगरात. एका काठाचा पिनकोड ९५१८३, दुसऱ्याचा ०७९२६. गाड्यांच्या नंबरप्लेटवर एकीकडे होफची अक्षरं, दुसरीकडे जाले-ओर्लाची, म्हणजे आपल्याकडे एका गल्लीत पुण्याच्या एमएच-१२ शेजारी बेळगावची केए-२२ गाडी उभी असावी तसं.

जर्मनीत शिक्षण हा राज्यांचा विषय. त्यामुळे दोन काठांवरच्या मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, शाळा वेगळ्या, उन्हाळ्याच्या सुट्ट्या वेगवेगळ्या आठवड्यांत. सणाच्या सुट्ट्यांचं तर विचारूच नका. ३१ ऑक्टोबरला मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेची आठवण म्हणून थुरिंगियात सुट्टी असते, बव्हेरियात त्या दिवशी काम चालू. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, कॅथलिक परंपरेच्या सर्वसंत दिनाची बव्हेरियात सुट्टी, तेव्हा थुरिंगियावाले कामावर. ६ जानेवारीला पुन्हा बव्हेरिया बंद, थुरिंगिया चालू. २० सप्टेंबरला बालदिनाची सुट्टी थुरिंगियाला २०१९ पासून मिळाली, बव्हेरियाला नाही.

गावापासून थोड्याच अंतरावर बव्हेरिया, थुरिंगिया आणि सॅक्सनी अशी तीन राज्यं एका बिंदूत मिळतात. तिथेही एक दगड आहे आणि फिरायला येणारी मंडळी एक पाय एका राज्यात, दुसरा दुसऱ्यात ठेवून फोटो काढतात.

मग गाव एकाच राज्यात का घेत नाहीत? कायद्याची आडकाठी फारशी नाही. जर्मन राज्यघटनेच्या २९ व्या कलमात यासाठी सोपी वाट ठेवलेली आहे. जिथे हद्द बदलायची तिथली लोकसंख्या ५०,००० पेक्षा जास्त नसेल तर सार्वमताची गरज नाही. दोन राज्यांनी आपसात करार केला की पुरे. म्योडलारॉइटच्या चाळीस-पन्नास माणसांसाठी हे मनात आणलं तर होण्यासारखं काम आहे.

तरी ते झालेलं नाही, आणि मला त्यात काही वावगं दिसत नाही. कर, शाळा, पेन्शनचे कागद, जमिनीच्या नोंदी, पाणीपट्टी हे सगळं एकदा एका राज्यात बसलेलं असतं. ते उठवून दुसरीकडे न्यायचं तर कुणाच्या तरी पदरात फायदा पडतो आणि कुणाचा तरी तोटा होतो. कुठल्या काठाने कुठल्या राज्यात जायचं, हा प्रश्न निघाला तर पुन्हा वाद. थुरिंगियाने बव्हेरियात यायचं म्हटलं तर पूर्वेच्या लोकांना ते पचेल का? एकीकरणानंतर पूर्वेतले कारखाने बंद पडले, तरुण पश्चिमेला गेले, आपलं सगळंच टाकाऊ ठरवलं गेलं अशी सल तिकडे अजून आहे. उलट दिशेने म्हटलं तर बव्हेरियाचा माणूस आपलं बव्हेरियापण सहजी सोडणार नाही. त्यापेक्षा संध्याकाळी ओढा ओलांडून शेजाऱ्याकडे बसायला जाणं सोपं, आणि त्यासाठी आता कुणाचीही परवानगी लागत नाही. ओढ्यावर पूल आहे. पुलावरून जाताना फोनचा कोड बदलतो, एवढाच काय तो फरक.